पितळी टोपीचं चाक

“मशीन बंद हाय, बन्सीभाऊ. आज काय हुनार न्हाई.”

चांदबीनं हे सांगितलं तेव्हा टायर उघडायच्या मशीनवर एका टेम्पोचं चाक चढवलेलं होतं आणि त्याचा टायर निम्मा रिमच्या बाहेर आलेला होता. बन्सी साळवेनं मशीनकडं पाहिलं, मग चांदबीकडं पाहिलं, आणि तो जीपच्या मागच्या फळीला टेकला. ज्याला खोटं बोलायची सवय नाही, असा माणूस खोटं बोलला की ऐकणारालाच ओशाळल्यासारखं होतं. बन्सीचं तसं झालं.

“परवा सेन्सर आलं नव्हतं,” तो सावकाश म्हणाला. “काल तुमची अफ्रीन घरी नव्हती. आज मशीन.”

“मग? मशीन काय माझं ऐकतंय व्हय?”

“न्हाई ऐकत. पर भाभी, सोमवारी तपासनी हाय. आज शुक्रवार.”

“त्या वरून बसवायच्या टोप्या मिळत्यात की. टायर उघडायचं कामच न्हाई. हवेच्या वालवर फिरवल्या का झालं. त्यातबी सेन्सर असतो.”

“मॅडमला त्या चालत न्हाईत. दगडानं उडत्यात म्हन्ती. आत बसवलेलंच पायजे.”

चांदबीनं हातातली पहार उगाच फडक्यानं पुसली आणि टेम्पोच्या चाकाकडं वळली. बंद पडलेलं मशीन लगेच घरघरायला लागलं. बन्सीनं जीप चालू केली आणि मागची चार जाड चाकं होती तशी घेऊन तो घराकडं निघाला.

बन्सी पंचावन्न वर्षांचा होता आणि त्यातली एकतीस वर्षं त्यानं गाडीच्या चाकामागं काढली होती. आधी खर्डा-जामखेड वडाप, मग एका डॉक्टरची गाडी, आणि गेली सहा वर्षं डोंगरावरच्या पवनचक्क्यांवर इंजिनिअर लोकांना नेणं-आणणं. जीप स्वतःची होती. सकाळी सातला खाली किल्ल्याजवळून निघायचं, वर जायचं, पोरं चक्कीत चढली की सावलीत बसून पेपर वाचायचा, संध्याकाळी त्यांना खाली आणायचं. पेपर तो जाहिरातींसकट वाचायचा. एकूण आयुष्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. कलाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, की ह्या माणसाला तक्रार करायचासुद्धा आळस आहे.

डोंगरावरचा रस्ता उन्हाळ्यात बरा असे. पावसाळ्यात त्याचा राडा होई. म्हणून बन्सीकडं चाकांचे दोन संच होते. एक डांबरी रस्त्याचा, तो गाडीला होता. दुसरा जाड दातऱ्यांच्या टायरांचा, तो पावसाळ्यापुरता. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा टायर उतारावर बसला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण कंपनीनं नियम काढला, की वर येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या प्रत्येक चाकात हवेचा दाब सांगणारा सेन्सर पाहिजे, आणि दोन संच असतील तर दोन्हींत पाहिजे. निकितामॅडम म्हणून तपासणीला एक पोरगी येई. वय असेल पंचवीस-सव्वीस, पण वहीत फुली मारली की पुसत नसे. गाडीच्या संचात सेन्सर आधीच बसले होते. राहिली होती ही चार चाकं. सोमवारी ती तयार नसली तर पावसाळाभर बन्सीची जीप दारात उभी, आणि तोवर दुसऱ्या कुणाची गाडी लागली म्हणजे ती कायमचीच उभी.

“जामखेडला नेऊन बसवा की,” कलाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. “अर्ध्या दिसाचं काम. तीन दिस झालं त्या बाईच्या दारात खेटं घालताय.”

“त्या दुकानातलाच हात लागलाय टायरला आजवर.”

“हात लागला हुता. तो मानूस गेला आता.”

कलाबाई बोलली ते खरंच होतं. चांदबीचा नवरा, मोहियोद्दीनभाई, जाऊन नऊ महिने होत आले होते. किल्ल्याच्या रस्त्याला पत्र्याचं दुकान, दारात हवेची टाकी, भिंतीला टेकवलेली त्याची हिरवी सायकल आणि टायरावर बसून चहा पिणारा मोहियोद्दीन, हे बन्सीनं वडापच्या दिवसांपासून पाहिलेलं. त्याची एक तऱ्हा होती. वीज गेली की टाकी बंद पडायची आणि शाळेत निघालेल्या पोरींच्या सायकली अडायच्या. म्हणून तो ट्रॅक्टरचा एक जुना मोठा टायर कायम गच्च भरून ठेवायचा. त्याच्याकडं दोन तोंडांची एक रबरी नळी होती, स्वतः बनवलेली. एक तोंड ट्रॅक्टरच्या टायरला, दुसरं सायकलला. एका टायरातली हवा दुसऱ्यात जायची आणि पोरी वेळेत शाळेत जायच्या.

ही जाड टायरांची चाकं त्यानंच मागच्या सप्टेंबरात तयार केली होती. पावसाळा सरत आला होता, नगरच्या एका माणसानं रिमा स्वस्तात दिल्या म्हणून बन्सीनं पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवल्या. मोहियोद्दीननं टायर चढवले, हवा भरली, अंगठ्यानं दाबून पाहिलं. एका वालला टोपी नव्हती. त्यानं डबा धुंडाळून कसलीशी जुनी पितळी टोपी काढली आणि फिरवून घट्ट केली. “हवा कमी हू देऊ नकोस,” तो म्हणाला, “टायर उभ्या उभ्या चिरतो.” त्यानंतर आठव्या दिवशी दुकानातच छातीत कळ येऊन तो गेला.

चांदबी चार महिने दहा दिवस, नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत, घरात बसली आणि तेवढे दिवस दुकान बंद राहिलं. नंतर तिनंच ते उघडलं. नवऱ्यासोबत बसून पंचर काढायचं काम तिला पंचवीस वर्षांचं होतं, मशीन ती दोन महिन्यांत शिकली. गावानं आठ दिवस पाहून घेतलं आणि मग गाव तिच्याकडंच यायला लागलं.

आणि आता बन्सीच्या मनातली एक गोष्ट. इद्दतीच्या त्या दिवसांत, दिवाळीच्या तोंडाला, त्यानं गोठ्यातली ताडपत्री उचलून चाकं दाबून पाहिली होती. तीन मऊ लागली. जुन्या रिमांना कडेला गंज होता, हवा झिरपत असणार. ती चारही त्यानं जामखेडच्या पेट्रोल पंपावर नेली. पंपावरच्या माणसानं तीन चाकं भरली. चौथ्याचा काटा जिथं पाहिजे तिथंच होता, त्याची पितळी टोपी काढून तशीच परत लावली. दुकान बंद होतं, दुसरा इलाजच नव्हता. तरी बन्सीला ते खात राहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं दुसऱ्याच्या दारात हवा भरली होती, आणि तीही मित्राच्या चाळिसाव्याच्या आत. त्यानं ते कलाबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं. चांदबीला ते कळलं असेल आणि म्हणून ती टाळत असेल, असं त्याला शुक्रवारी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या वाटून गेलं. ह्यापरतं दुसरं कारण त्याला सुचेना.

शनिवारी डोंगरावर काम होतं. रविवारी सकाळी तो पुन्हा दुकानापुढं जाऊन उभा राहिला, जे असेल ते ऐकून घ्यायच्या तयारीनं.

अफ्रीन दुकानातच होती. मोहियोद्दीनची ही धाकटी लेक, जामखेडला कॉलेज करायची, आणि सेन्सरचं काम तीच पाहायची कारण त्याचं सगळं मोबाईलवर होतं. सेन्सरची पेटी तिच्या पुढ्यात उघडी पडली होती. कधी आली होती कुणास ठाऊक, वरच्या कागदावर धूळ बसली होती.

“चाचा, उतरवा चाकं,” ती म्हणाली. “अम्मी, मशीन चालू आहे ना?”

चांदबीनं मान हलवली. बन्सीनं चारही चाकं उतरवून ओळीनं उभी केली. अफ्रीननं त्याला समजावलं, की जुना वाल काढून त्या जागी हा सेन्सरचा वाल बसणार, त्यासाठी टायर उघडावा लागणार, म्हणजे आधी सगळी हवा सोडावी लागणार. बन्सीला हे ठाऊक होतं. ती बहुतेक आईला समजावत होती.

चांदबी पहिल्या चाकापुढं उकिडवी बसली. टोपी काढली. वालची पिन काढायची चावी तिनं आत घातली आणि तशीच धरून बसली. चावी फिरेना. बन्सीनं थोडी वाट पाहिली, मग विचारलं, “घट्ट हाय का? म्या बघू?”

“घट्ट न्हाई.”

“मग?”

“ह्यातली हवा त्यांची हाय,” चांदबी म्हणाली.

तिनं वर पाहिलं नाही. वालशीच बोलल्यासारखी बोलत राहिली. “ते गेले त्येच्या आधी आठ दिस भरलेली. गावातल्या बाकी गाड्यांतली कवाच गेली. येत्यात, भरून जात्यात, आता सगळी म्या भरलेली हाय. हिशेब लावला म्या बसल्या बसल्या. ह्या चारच चाकांत राहिली हाय. तुमी पयल्या दिवशी चाकं आनली का न्हाई, तवाच माझ्या हातातलं बळ गेलं. म्हनून सेन्सर न्हाई, मशीन न्हाई, काय काय बोलले. येड्यावानी वाटत असंल तुमाला.”

अफ्रीननं पेटीचं झाकण लावलं, परत उघडलं.

बन्सीच्या जिभेवर जामखेडचा पेट्रोल पंप आला. एवढं एक वाक्य सांगितलं असतं, की भाभी, ह्या चाकातली हवा पंपावरची आहे, तर काम पाच मिनिटांत सुरू झालं असतं. तो खरं बोलणारा माणूस होता आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. पण ते वाक्य काही त्याच्या तोंडातून बाहेर येईना, आणि येऊ नये असंच त्याला वाटलं. नऊ महिने ह्या बाईनं ज्याचा हिशेब ठेवला होता, त्यातलं तीन चतुर्थांश तो एका वाक्यात पुसून टाकणार होता.

“राहू द्या भाभी,” तो म्हणाला. “म्या त्या टोप्याच बसवतो. मॅडमला सांगंन काय तरी.”

“ती फुली मारंल.”

“मारू द्या.”

“आन मग गाडी दारात लावून काय करनार? पेपर वाचनार?” चांदबीनं पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचा होता. “ते असते तर मला बोलले असते. गिऱ्हाईक अडवलं म्हनून. लई बोलले असते.”

खरोखरच बोलला असता. मोहियोद्दीनला गिऱ्हाईक ताटकळलेलं खपत नसे. बन्सी इकडं तिकडं पाहत राहिला आणि पाहता पाहता त्याची नजर भिंतीशी गेली. हिरवी सायकल होती तिथंच होती. दोन्ही चाकं हवा जाऊन बसलेली, मडगार्डवर धूळ.

“ती नळी हाय का अजून?” त्यानं विचारलं. “दोन तोंडाची?”

“हाय की. खुंटीला हाय.”

“मग ह्यातली सायकलीत घ्या. तेवढी तरी राहील.”

चांदबी त्याच्याकडं पाहत राहिली. अफ्रीन तोवर उठून नळी घेऊन आलीसुद्धा.

“कुठल्या चाकातली घेऊ?” चांदबीनं विचारलं आणि हातातल्या चाकाकडंच वळली. “हेच—”

“थांबा. म्या देतो.”

बन्सी ओळीच्या शेवटाला गेला. पितळी टोपीचं चाक तिथं होतं. त्यानं ते हातानं लोटत सायकलजवळ आणलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं.

“हेच का?” चांदबी म्हणाली.

“ह्यात हवा चांगली हाय.”

हे अक्षरशः खरं होतं. चांदबीनं पितळी टोपी काढली, तळहातावर घेऊन जरा वेळ पाहिली आणि ब्लाउजच्या खिशात टाकली. नळीचं एक तोंड तिनं चाकाला लावलं. दुसरं बन्सीनं सायकलच्या मागच्या चाकाला धरलं. बारीक सूं असा आवाज आला आणि नळी किंचित थरथरली. सायकलचा टायर रिमवरून उठायला लागला. मग पुढचं चाक. नळी निसटू नये म्हणून बन्सीनं ती दोन्ही हातांनी धरली होती.

“बास,” चांदबी म्हणाली. “आता जात न्हाई जास्त. दोन्हीकडं सारखी झाली.”

तिनं अंगठ्यानं टायर दाबला. “मऊच हाय जरा. त्यांना अशीच लागायची. गच्च भरली का कंबर दुखती म्हनायचे.”

त्यानंतर ती थांबली नाही. एकेका चाकाची पिन काढली आणि हवा सुटताना तिच्यापुढं तळहात धरून बसली, आवाज बंद होईपर्यंत. चारही चाकांना तिनं तसाच हात धरला. त्यातल्या तीन वेळा बन्सीनं किल्ल्याच्या बुरुजाकडं पाहिलं.

मग काम भराभर झालं. मशीन चाललं, टायर उघडले, सेन्सर बसले, हवा भरली. दोघांनी गाडीची चाकं उतरवून ही चढवली. अफ्रीन जीपमध्ये बसून समोरच्या छोट्या स्क्रीनला एकेक चाक शिकवू लागली. डावं पुढचं, उजवं पुढचं. ती सांगेल त्या चाकाची थोडी हवा चांदबी सोडायची, म्हणजे स्क्रीनला कळायचं की बोलतंय ते हे चाक. मागच्या दोन चाकांची वेळ आली तेव्हा गडबड झाली. चांदबीनं हवा अठ्ठावीसवर आणली तरी स्क्रीन तेहतीस म्हणत होता. पुन्हा केलं, पुन्हा तेहतीस. निकितामॅडमची वही बन्सीच्या डोळ्यांपुढं आली.

अफ्रीन खाली उतरली, जीपभोवती फिरली आणि हसायला लागली.

“चाचा, तुमची जुनी चाकं मागंच टेकवलीत. आत्ताच काढलेली आहेत, त्यांचे सेन्सर अजून जागे आहेत. गाडी काढलेल्या चाकांचंच ऐकतेय.”

“ऐकंल थोडे दिस,” चांदबी म्हणाली. “सवय हाय तिला.”

असं म्हणून ती स्वतःच हसली. बन्सीला त्या हसण्यानं फार बरं वाटलं. त्यानं जुनी चाकं एकेक करून रस्त्यापलीकडं हनुमंताच्या पिठाच्या गिरणीमागं नेऊन ठेवली. हनुमंत कशाला म्हणून विचारत राहिला. परत येईपर्यंत स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे नीट उमटले होते.

सोमवारी निकितामॅडमनं वहीत आणखी चार खुणा केल्या, दोन्ही संचांच्या मिळून आठ झाल्या. बन्सी जीप घेऊन डोंगरावर गेला आणि सावलीत बसून त्यानं पेपर जाहिरातींसकट वाचला.

रविवारी दुकानातून निघताना मात्र चांदबी त्याला एक बोलली होती. नळी गुंडाळत ती म्हणाली होती, “सायकलची ट्यूब हवा धरीत न्हाई, बन्सीभाऊ. मला म्हाईत हाय. लई झालं तर म्हैना. तेवढा बास हाय.”

महिना होऊन गेला असेल. डोंगर हिरवा झाला होता आणि जाड टायरांच्या दातऱ्यांत तांबडा चिखल भरलेला असायचा. एका सकाळी बन्सी हवा तपासून घ्यायला दुकानापुढं थांबला. स्क्रीन सगळं सांगत होता, तरी तो थांबायचा.

चांदबी हिरव्या सायकलजवळ बसली होती. सायकल धुऊन पुसलेली होती आणि दोन्ही चाकं पुन्हा बसली होती. वालच्या तोंडाला टाकीची नळी लावून ती हवा भरत होती, कुठल्याही गिऱ्हाइकाची भरावी तशी. मागच्या चाकाच्या वालवर पितळी टोपी बसत नव्हती, म्हणून ती दोऱ्यात ओवून हँडलला बांधली होती.

“अफ्रीनला फाट्यापर्यंत चालत जावं लागतंय येष्टीला,” ती म्हणाली. “ही नुसती उभीच राहती.”

अफ्रीन दप्तर घेऊन बाहेर आली. चांदबीनं सायकल तिच्या हाती दिली. बन्सी खाली वाकला आणि त्यानं अंगठ्यानं मागचा टायर दाबून पाहिला. चांगला गच्च होता.

“बराबर भरली भाभी,” तो म्हणाला.

चांदबीनं नळी परत टाकीवर टांगली आणि जीपच्या पुढच्या चाकाशी येऊन बसली.